साहेब रिटायर, नाव हजर

पांदण रस्त्यावर मुरूम किती पडला, एवढंच माहितीच्या अधिकारात विचारलं होतं. हातात अर्ज दिला तर पोच मिळत नाही, म्हणून दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून स्पीड पोस्टानं पाठवला, ग्रामपंचायतीच्या फलकावरच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावानं. परत आला. ‘सदर नावाचे अधिकारी येथे कार्यरत नाहीत.’ अरे, अर्जाला नाव लागतच नाही, पद पुरतं!

तणतणत ग्रामपंचायतीत गेलो. फलकापाशी स्टुलावर पेंटर. म्हटलं, चला, नाव बदलतंय. पाहतो तर गडी रिटायर झालेल्या साहेबांचंच नाव ठळक करत होता. वेलांटी तर अशी सुबक, की लग्नपत्रिकेवर शोभावी.

“भाऊ, हे साहेब रिटायर झाले ना!”

“मले माहीत नाई काय? त्यायच्या निरोपाचा ब्यानर म्याच लिवला.”

“मग पुन्हा कशाला रंगवता?”

“जुनी अक्षरं उजळाचं काम हाये माह्यावालं. नवं नाव म्हंजे नवं काम. त्याले ठराव लागते.”

“पण हे चुकीचं आहे!”

“अक्षरात चूक दाखवा, आत्ता पुसतो.” मग स्टुलावरून वाकून, हळूच, “फोन नंबरातला एक आकडा उडाला हाये. तुमाले याद हाये काय? नाई तं मी सात टाकतो. सात मले मस्त जमते.”

आता यावर काय बोलावं? माहितीचा अधिकार 2005 चा. त्याचं कलम 4 सांगतं की कार्यालयानं सतरा बाबी आपणहून जाहीर कराव्या, दरवर्षी अद्ययावत कराव्या; लोकांना अर्ज करायची पाळीच येऊ नये. ग्रामसेवकाचा ग्रामपंचायत अधिकारी 2024 मध्येच झाला, फलकावर अजून ग्रामसेवकच. आम्ही मात्र अर्ज दीडशे शब्दांत, एकाच विषयावर करायचा. नियम आहे राज्याचा. फलकावर सतरा बाबी खोट्या लिहिल्या तरी शब्द कोणी मोजत नाही. आणि पांदणीत बैलगाडी फसते ती फसतेच. मुरूम कागदावर पडला असेल तर बैलांना कोणी सांगावं?

“अपील करतो मी,” मी चिडून म्हटलं. “अपिलीय अधिकाऱ्याचं नाव कुठंय?”

“खालच्या ओळीत. पण ते वारले, बावा.”

“वारले?”

“हो ना. त्यायचं नाव पिवळ्यात हाये. पिवळा सरला. सोमवारी या, झालं असीन.”