पहिली गाडी थेट साडेतीनशे सीसीची? आधी ती ढकलून बघा

दसरा-दिवाळी आली की गाड्यांचा सीझन सुरू होतो आणि त्याच्याबरोबर एक मेसेजही फिरायला लागतो. थोडक्यात तो असा: ‘पहिली बाईक घेताय? १००-१२५ सीसीच्या नादाला लागू नका. सहा महिन्यांत कंटाळाल आणि तोट्यात विकाल. थेट ३५० घ्या. जड गाडी रस्ता धरून चालते, एबीएसमुळे घसरत नाही, हायवेला दमत नाही. शिवाय आता जीएसटी कमी झालाय, हीच वेळ आहे.’ आपल्या सोलापुरात जुळे सोलापूरपासून शेळगीपर्यंतच्या ग्रुपवर तो फिरून झालाय, आणि वडिलांना दाखवायला पोरांच्या हातात आयता पुरावा आलाय. ज्याने अजून गिअरची गाडी नीट चालवलेली नाही, त्याला हा सल्ला देणं मला चुकीचं वाटतं. का, ते सांगतो.

जीएसटीपासून सुरू करू, कारण त्यात अर्धं खरं आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला. त्यावरच्या गाड्यांना मात्र ४० टक्के लागला. पण ‘३५० पर्यंत’ याचा अर्थ ३५० च असा कुठून निघाला? स्प्लेंडर, शाइन, रेडर, एफझी, सगळ्यांनाच तो लाभ मिळाला. आणि कर कमी झाला म्हणून बाकीचे खर्च कमी होत नाहीत. नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम भरावा लागतो. २०२२ साली ठरलेल्या दरांनुसार तो ७५ ते १५० सीसीला ३,८५१ रुपये आणि १५० ते ३५० ला ७,३६५ रुपये होतो, म्हणजे जवळपास दुप्पट. कोटेशन हातात आलं की एक्स-शोरूम किंमत सोडून खालच्या ओळी वाचा. खरी गंमत तिथे असते. पेट्रोल लिटरला शंभराच्या वर असताना एक गाडी पस्तीसचं ॲव्हरेज देते आणि दुसरी पन्नासच्या पुढे, हे कॉलेजच्या पोराला वेगळं सांगायला नको.

आता मुख्य मुद्दा: ‘जड गाडी रस्ता धरून चालते’. पुणे रोडला शेजारून कंटेनर सपकन गेला की हलकी गाडी झोल खाते, जड गाडी कमी हलते. इथवर मान्य. पण एकदा चाकं वेगाने फिरायला लागली की शंभर सीसीची गाडीही सरळच चालते. नवख्याची अडचण साठच्या वेगात नसतेच. ती असते शून्य ते पंधराच्या वेगात, म्हणजे सिग्नलला, गल्लीच्या तोंडाशी, पार्किंगमध्ये, यू-टर्न घेताना. तिथे वजन पेलायचं ते तुम्हालाच.

रॉयल एनफिल्डच्या क्लासिक ३५० चं वजन १९५ किलो. स्प्लेंडरचं ११२. मधला फरक ८३ किलोचा, म्हणजे एक चांगला धष्टपुष्ट पाहुणा कायमचा गाडीवर बसवून ठेवल्यासारखं. तोही असा पाहुणा, जो गाडी कलली की पाय टेकून मदत करत नाही.

संध्याकाळी सातला मधल्या मारुतीच्या गर्दीत काय होतं ते बघा. समोर केळीचा गाडा. पोरगा हाफ क्लचवर, हँडल डावीकडे वळवून गाड्याच्या कडेने निघालाय. तेवढ्यात टॉवेलची गठडी घेतलेला हमाल मधे येतो. पोरगा घाबरून चारही बोटांनी पुढचा ब्रेक आवळतो. पुढचे शॉकअप खाली बसतात, वळलेल्या चाकावर सगळा भार येतो आणि गाडी डावीकडे झोपायला लागते. तो पाय टाकतो, नेमका खडीच्या बारीक चुऱ्यावर. एका ठरावीक कलापर्यंत मांडी गाडी तोलून धरते, त्यापुढे कुणाचीच धरत नाही. एकशे बारा किलोची गाडी त्या कलातून पुष्कळदा परत उभी राहते. एकशे पंच्याण्णवची सावकाश, अगदी शांतपणे आडवी होते. वेग म्हणाल तर पाचसुद्धा नसतो. मग क्लचची लिव्हर वाकलेली, लेग गार्डला ओरखडा, आणि शेजारचे दोघं दुकान सोडून गाडी उचलायला. कुणाला लागलं नाही तर ठीक. पाय खाली सापडला तर घोट्याचं काम झालंच.

म्हणून गाडी निवडताना ती आधी चालवू नका, ढकला. इंजिन बंद, गाडी न्यूट्रलला, थोडा चढ असेल अशा जागेवरून उलटी मागे घ्या. मग मेन स्टँडवर चढवा. शोरूमवाला म्हणेल, “ओ, आमचा पोरगा लावतो की स्टँडला.” त्याला म्हणावं, हा पोरगा रोज घरी पाठवणार आहेस का? मग सीटवर बसा. दोन्ही तळवे जमिनीला पुरे टेकतात की नुसते चवडे? कागदावरची सीटची उंची इथे फसवते. स्प्लेंडरची ७८५ मिलीमीटर, क्लासिकची ८०५, फरक फक्त दोन सेंटिमीटरचा. पण रुंद सीट असली की मांड्या फाकतात आणि पाय तेवढेच आखूड पडतात. हे ज्याचं त्याने बसूनच कळतं.

आणि हो, सीसी म्हणजे ताकद हा समज दोन्ही बाजूंनी फसवतो. क्लासिकचं इंजिन ३४९ सीसीचं, पण ताकद वीस बीएचपीच्या आसपास, तीही संथपणे देणारं. उलट यामाहाची आर१५ फक्त १५५ सीसीची, वजन १४० च्या घरात, आणि ताकद अठराच्या वर. किलोमागे हिशेब केला तर ‘छोटी’ आर१५ ‘मोठ्या’ क्लासिकपेक्षा चपळ निघते. ३९९ सीसीच्या ड्यूकचं तर विचारूच नका. १६८ किलोला पंचेचाळीसच्या आसपास बीएचपी, म्हणजे मनगट जरा जास्त पिळलं की पुढचा विचार करायला वेळच नाही. तेव्हा ‘लहान सीसी म्हणजे सेफ’ असं समजून स्पोर्ट्स गाडी घेऊन देणाऱ्या वडिलांनीही जरा थांबावं.

‘एबीएसमुळे घसरत नाही’. ब्रेक दाबल्यावर एबीएस चाक लॉक, म्हणजे जाम, होऊ देत नाही, एवढंच त्याचं काम. ओल्या डांबरावर सरळ रेषेत दचकून ब्रेक दाबला तर ते खरोखर जीव वाचवतं, आणि नवख्याच्या गाडीला ते असावंच असं माझंही मत आहे. पण विजापूर रोडच्या कडेला सुट्या मुरमावर एबीएस असूनही गाडी थांबायला जास्त अंतर घेते, आणि वळणात कललेल्या गाडीला साधं एबीएस सावरून धरत नाही. सिंगल चॅनेल असेल तर ते फक्त पुढच्या चाकाला असतं. वर सांगितलेल्या केळीच्या गाड्यापाशी तर त्याचा काडीचा उपयोग नाही. आता मेसेजवाल्याने जे सांगितलंच नाही ते ऐका: १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना एबीएस २०१९ पासून सक्तीचं आहे. मग त्यासाठी साडेतीनशे कशाला? १४९ सीसीच्या एफझीला ते मिळतं, वजन १३५ च्या आसपास, आणि विमा खालच्या टप्प्यात. युनिकॉर्न, अपाचे १६० याही १४० किलोच्या आतबाहेर. विम्याचा टप्पा तेवढा वरचा. माझं कुठल्या कंपनीशी देणंघेणं नाही, पण आपल्या गावातल्या साडेपाच फुटी पोरापोरींना मी याच वजनाच्या टप्प्यातली गाडी सुचवीन. बजेट कमी असेल तर साधी १२५.

राहिला हायवे. चार पदरी महामार्गावर दुचाकीला ताशी ८० ची मर्यादा आहे. दीडशेची कुठलीही धड गाडी तेवढं पळते, १२५ सुद्धा सत्तरला रडत नाही. आणि पहिल्या वर्षी तुम्ही जाणार कुठे? नवी गाडी म्हणून तुळजापूरला आईच्या पाया पडायला, पंचेचाळीस किलोमीटर. नाहीतर अक्कलकोटला स्वामींकडे, चाळीस. रोजचं म्हणाल तर आसरा चौक ते अशोक चौक. त्यातही उसाचा हंगाम सुरू झाला की संध्याकाळनंतर दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रस्त्यावर असतात, मागे ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर. ऐंशीच्या वेगात सेकंदाला बावीस मीटर जातात, साठला सतरा. ट्रॉली दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंतच तेवढं अंतर सरलेलं असतं, आणि थांबायचं तर त्यापुढे. तिथे गाडीत किती दम आहे हे कामाला येत नाही. एप्रिल-मेमध्ये बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीत भर दुपारी सात रस्त्याला सिग्नलवर थांबून, मांड्यांमधे एअर कूल्ड साडेतीनशेचं इंजिन घेऊन बसलेल्यांना या दमाबद्दल विचारून बघा.

‘सहा महिन्यांत कंटाळा येतो.’ येईलही. “काय बे, मामांची गाडी घेतलास?” असं कट्ट्यावर ऐकावंही लागेल. पण विकताना तोटा होतो म्हणणाऱ्याने सेकंड हँड स्प्लेंडर किंवा शाइन घ्यायला एकदा बाजारात जाऊन बघावं. चांगली असेल तर किंमत उतरवता उतरत नाही. कंटाळ्याची एवढी भीती असेल तर चार-पाच वर्षं वापरलेलीच घ्या. पडझड तिच्यावर होऊ दे, वर्ष-दीड वर्षाने विका, मग बुलेट घ्या, कोण अडवतंय? घेताना गल्लीतला मेस्त्री सोबत न्या. थंड इंजिन स्वतः सुरू करून बघा, चेनचा ढिलेपणा आणि हँडलची बेअरिंग तपासा. वाचलेल्या पैशांतून डोक्याला घट्ट बसणारं आयएसआय शिक्क्याचं हेल्मेट घ्या. आणि आरसीवर बँकेचं किंवा फायनान्सचं नाव असेल तर आधी कर्ज फिटल्याची एनओसी मागा, ती हातात येईपर्यंत टोकनसुद्धा देऊ नका.