हात गरम नसतो, पंप तापतो

नमस्कार. सूर्याच्या करोनावरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया आधी झोंबली, दुसऱ्यांदा वाचल्यावर निम्मी पटली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ५,५०० अंशांचं सूर्यपृष्ठ दहा लाख अंशांचा करोना (सूर्याभोवतीचं विरळ बाह्य वातावरण) तापवूच शकत नाही, ते उष्मागतिकीच्या दुसऱ्या नियमाविरुद्ध आहे, ‘लहरी तापवतात’ ही पळवाट आहे, आणि ठिपक्याएवढ्या ताऱ्यांवरच्या लहरी पाहिल्या कुणी?

आधी माझी चूक. ‘ध्वनिलहरींमुळे करोना तापतो’ असं मी ठोकून दिलं. १९४०च्या दशकात बियरमान आणि श्वार्त्सशिल्ड या खगोलशास्त्रज्ञांनी तशी कल्पना मांडली होती खरी. पण या लहरींची बरीचशी ऊर्जा खालच्या थरांतच खर्ची पडते किंवा परत फिरते. करोनाला पुरेल एवढी वर पोचत नाही. ते वाक्य काढतोय.

दुसऱ्या नियमाचं मात्र पटलं नाही. तो नियम एवढंच सांगतो की उष्णता आपणहून थंडाकडून गरमाकडे वाहत नाही; काम करून ऊर्जा पोचवायला त्याची आडकाठी नाही. सायकलच्या चाकात हवा भरताना पंप चांगला तापतो. तुमचा हात काही तेवढा गरम नसतो. सूर्याच्या पृष्ठाशी खदखदणारा वायू चुंबकीय बलरेषांची मुळं सतत हलवतो, आणि त्या हलण्यातून ऊर्जा वर जाते. लागते तरी किती? शांत भागात चौरस मीटरमागे ३०० वॉटच्या आसपास. तेवढ्याच जागेतून प्रकाशरूपाने सहा कोटींहून जास्त वॉट बाहेर पडत असतात!

बलरेषांवरून धावणाऱ्या अशा चुंबकीय लहरींचं भाकीत आल्फवेन या भौतिकशास्त्रज्ञांनी १९४२ मध्ये केलं. पण माझं आवडतं उदाहरण १४ जुलै १९९८चं. सूर्यावर एक ज्वाला (ऊर्जेचा अचानक स्फोट) भडकली आणि शेजारची प्लाझ्माची, म्हणजे विद्युतभारित तप्त वायूची, कमान डोलू लागली. ‘ट्रेस’ या उपग्रहाने ते टिपलं. कमानीची लांबी सुमारे १,३०,००० किलोमीटर, एका झोक्याला सव्वाचार मिनिटांच्या आसपास. एका झोक्यात लहर कमानीवरून जाऊन परत येते, म्हणजे वेग सेकंदाला हजार किलोमीटर. हा वेग आणि प्लाझ्माची घनता हाताशी असली की तिथल्या चुंबकीय क्षेत्राचा अंदाज बांधता येतो. तेव्हा ‘पळवाट’ हा शब्द जरा जास्तच झाला.

तुमचा नेम खरा लागलाय तो पुढे. ते डोलणं तीन-चार झोक्यांतच विरलं, आणि मी लिहून मोकळा झालो की ऊर्जेची उष्णता झाली. तसं होतंच असं नाही. कमानीचं डोलणं तिच्या कडेच्या पातळ थरांतल्या बारीक पीळदार हालचालींत मुरतं. डोळ्यांना झोका थांबलेला दिसतो, ऊर्जा अजून हालचालीतच असते. शिवाय लाखो छोट्या स्फोटांनी करोना तापतो, हा पार्कर या शास्त्रज्ञांचा पर्यायही भक्कम उभा आहे, त्याचा मी उल्लेखसुद्धा केला नव्हता.

आणि तारे. तिथली कमान वेगळी दिसत नाही, हे बरोबर. ज्वालेच्या वेळी क्ष-किरणांची तीव्रता ठरावीक अंतराने वरखाली होते, एवढंच हाती लागतं. तसे ठोके चुंबकीय बलरेषा पुन्हापुन्हा तुटून जोडल्या गेल्यानेही पडू शकतात. लेखातलं ‘ताऱ्यांवर लहरी दिसल्या’ हे तूर्त ‘लहरींमुळे असावेत असे चढउतार दिसले’ असं वाचा; आज रात्री बदलतो.