‘जुनं बटण ठेवायला तुमचं काय जातं?’ – एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ताई,

प्रतिक्रिया सविस्तर लिहिलीत, म्हणून उत्तरही लांबणार आहे. इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये नवी पद्धत आली की जुनी ठरावीक मुदतीनंतर बंद करावी, असं मी मागच्या लेखात म्हटलं होतं. ताईंचं म्हणणं असं, की त्यांच्याकडचे डीटीपी ऑपरेटर, म्हणजे संगणकावर पानं लावणारे, पानावर पैसे घेतात. नव्या आवृत्तीवर हात बसेपर्यंत जी पानं कमी निघतात, त्याचा भुर्दंड कंपनीला नाही, ऑपरेटरना बसतो. आम्ही सॉफ्टवेअर बनवणारे ‘बदलाला विरोध’ म्हणून नाकं मुरडतो, तिथे त्यांच्या पोटाचा प्रश्न असतो. आणि मग रोखठोक सवाल: जुन्या पद्धतीवर परत नेणारं जुनं बटण ठेवायला तुमचं काय जातं?

भुर्दंडाचं म्हणणं पूर्ण मान्य. पण बटणाचं म्हणाल, तर बरंच जातं.

जुनं-नवं असं एक बटण ठेवलं की प्रोग्राम दोन तऱ्हांनी वागतो. अशी सहा बटणं झाली की ६४ तऱ्हा होतात, दहा झाली की १०२४. टेस्टिंगची मंडळी त्यातल्या मोजक्याच तपासू शकतात. उरलेल्या तुमच्या ऑपरेटरच्या मशीनवर तपासल्या जातात, तेही पानं प्रेसला जायच्या रात्री. शिवाय जुना कोड लिहिणारा केव्हाच नोकरी सोडून गेलेला असतो आणि त्या भागाला हात लावायला कुणी धजत नाही. म्हणून ‘कायमचं ठेवा’ ही मागणी मला पटत नाही. पण काढायचं कसं, यात मात्र टीमा-टीमांत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

फोटोशॉपचंच घ्या. ऑक्टोबर २०१८मध्ये आलेल्या सीसी २०१९ने दोन सवयी एकदम मोडल्या. पूर्वी कंट्रोल-झेड दाबलं की शेवटची कृती मागे जायची, पुन्हा दाबलं की परत यायची. आधीचं आणि नंतरचं ताडून बघायला कित्येक जण हेच वापरत. आता दर वेळी आणखी एक पायरी मागे जायला लागली. दुसरं, चित्र लहानमोठं करताना प्रमाण राखायला शिफ्ट धरावी लागे. आता न धरता प्रमाण राखलं जाऊ लागलं आणि शिफ्ट धरली की बिघडू लागलं. दोन्ही बदल योग्यच होते, नव्याने शिकणाऱ्याला सोपे. पण पहिल्याची जुनी चाल शॉर्टकटच्या खिडकीत एक खूण करून परत मिळत होती. दुसऱ्यासाठी काय? एक टेक्स्ट फाइल बनवा, तीत एक ओळ लिहा आणि ती सेटिंग्जच्या फोल्डरमध्ये नेऊन ठेवा! वर कहर म्हणजे शेप आणि पाथना तेव्हा जुनाच नियम लागू होता. म्हणजे एकाच पानावर कधी शिफ्ट धरायची आणि कधी सोडायची. प्रेफरन्सेसमध्ये साधी खूण आली ती पुढे २०१९मध्ये. अशा वेळी चिडलेल्या माणसाला बदल नको असतो म्हणणं म्हणजे उलट्या बोंबा.

इमारतींचे, यंत्रांचे आराखडे काढायच्या ऑटोकॅडने हे बरंच समजुतीने केलं. २००९च्या आवृत्तीत रिबन (वरची बटणांची रुंद पट्टी) आला, पण जुन्या मेन्यूंची ‘क्लासिक’ मांडणी गेली ती थेट २०१५च्या आवृत्तीत. मधल्या काळात टाइप करायच्या आज्ञांना धक्का लागला नाही: एल दाबून एंटर मारलं की रेघ, तेव्हाही आणि आजही. लेयरची खिडकी बदलली, तर ‘क्लासिकलेयर’ टाइप केल्यावर जुनी उघडे. ज्या ड्राफ्ट्समनचा डावा हात कीबोर्डवरून हलत नाही, त्याला रिबन आला काय नि गेला काय.

पानं लावायच्या तुमच्या जुन्या पेजमेकरबद्दल मात्र माझं मत तुमच्याहून वेगळं आहे. ‘आमची माणसं सवयीमुळे त्यावर राहिली’ असं तुम्ही लिहिलंत. मला वाटतं तुम्ही त्यांना उगाच कमी लेखताय. अडोबीने २००४मध्ये पेजमेकरचा विकास थांबवला, त्याच वर्षी त्याच्या जागी आणलेल्या इनडिझाइनची खास पेजमेकरवाल्यांसाठीची आवृत्ती काढली, पेजमेकरच्या शॉर्टकटचा संचही दिला. सवयीची सोय झाली होती की! अडलं होतं ते मराठीपाशी. सगळा जुना मजकूर श्रीलिपीसारख्या, आपापले वेगळे संकेत वापरणाऱ्या फाँटांत. सगळीकडे सारखे संकेत असलेलं युनिकोड घ्यावं तर २०१२च्या सीएस-६पर्यंत नेहमीच्या इनडिझाइनमध्ये जोडाक्षरं सुटी पडत आणि पहिली वेलांटी अक्षराच्या आधी यायची ती नंतर जाऊन बसे. यात प्रशिक्षणाने काय साधणार होतं?

म्हणून माझ्या टीममध्ये कुणी बदलाचा प्रस्ताव आणला की मी अंदाजपत्रकात चार गोष्टी शोधतो: जुने शॉर्टकट, जुन्या फाइली उघडणं, परतीची खूण आणि ती खूण काढायची तारीख. ‘ते नंतर बघू’ म्हटलं तर प्रस्ताव परत. डिझायनर कुरकुरतात, कारण त्यांचं देखणं काम महिनाभर लांबतं. लांबू दे. ज्याने चित्र काढलं त्याला मी सपोर्टच्या फोनवरही बसवतो. पहिल्या आठवड्यातले फोन ऐकले की कुरकुर आपोआप कमी होते. आणि तारीख पुढे ढकलायची की नाही, हे फोन घेणारे ठरवतात, विक्रीवाले नाहीत.

तुम्हीही विक्रेत्याला ‘बंद करू नका’ म्हणण्याऐवजी ‘कधी बंद करणार, लेखी द्या’ असं विचारा. तारीख हातात असली की दिवाळी अंकांची घाई आणि नवी आवृत्ती एकाच महिन्यात येऊ न देणं तुमच्या हातात राहतं. हात बसेपर्यंत ऑपरेटरला पानाऐवजी रोजाने पैसे द्यायचे, तर त्याचीही तजवीज आधी करता येते.

आणि आता वेलांटी इनडिझाइनमध्ये अजूनही चुकते म्हणालात ते: पॅराग्राफ स्टाइलमध्ये जस्टिफिकेशन उघडा आणि कंपोझर ‘वर्ल्ड-रेडी’ करा. मजकूर आधी युनिकोडमध्ये बदललेला असला पाहिजे. तरी चुकली तर फाँटचं नाव कळवा.