नऊ वर्षं माझ्या कपाटात राहिलेली पाटली

मागच्या रविवारी आमच्या चर्चमध्ये एका तरुणाने साक्ष दिली, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगितलं. "मी प्रभूची आज्ञा पाळली, दशांश कधी चुकवला नाही, म्हणून प्रभूने मला नोकरी दिली, फ्लॅट दिला." दशांश म्हणजे कमाईचा दहावा भाग देवाला देणं. सगळ्यांनी हालेलुया म्हटलं, मीही म्हटलं. पोरगा मेहनती आहे, आईला जिवापाड सांभाळतो, त्याच्या आनंदात मला आनंदच आहे. पण घरी येऊन भाकऱ्या थापायला बसले तरी ते "म्हणून" काही डोक्यातून जाईना. पाळली म्हणून मिळालं. मग ज्यांनी पाळली आणि ज्यांच्या हाती काहीच लागलं नाही, त्यांनी काय साक्ष द्यायची?

मला पंडिता रमाबाई आठवल्या. आपल्या लोकांना त्यांचं नाव माहीत असतं, केडगावचं मुक्ती मिशन माहीत असतं, पण त्यांच्या आयुष्याचा हिशोब कुणी नीट मांडत नाही. आईवडील दुष्काळात गेले. 1880 मध्ये भाऊ गेला, 1882 मध्ये नवरा. पदरात एक लहान मुलगी. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेजला बाप्तिस्मा घेतला, तेव्हा वय पंचवीस. 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आणलं. विधवा मुली तिथे शिकू लागल्या, आणि काही मुली रमाबाईंच्या खोलीत प्रार्थनेला येऊन बसू लागल्या. दार उघडं असायचं. 1893 मध्ये त्यावरून पुण्यात गदारोळ झाला. रानडे-भांडारकरांसारखी मोठी माणसं सल्लागार मंडळातून बाहेर पडली, पालकांनी मुली काढून नेल्या. दार लावून घेतलं असतं तर हे सगळं टळलं असतं. त्यांनी लावलं नाही.

मग 1896-97 चा दुष्काळ आला. ज्या बाईने स्वतः उपाशीपोटी भटकत आईवडिलांना मरताना पाहिलं, ती मध्य प्रांतात गेली आणि सुमारे तीनशे मुली-बायका घेऊन परत आली. प्लेगामुळे पुण्यात इतक्या जणींना ठेवू देईनात, म्हणून केडगावच्या शेतावर नेलं. त्या शेतावरच मुक्ती सदन उभं राहिलं. मी नर्स आहे. उपासमारीतून आलेलं एक लेकरू जरी वॉर्डात आलं तरी सगळी ड्यूटी त्याच्याभोवती फिरते. खरूज, उवा, जुलाब, आणि रात्री उशीखाली दडवलेले भाकरीचे तुकडे. तीनशे म्हणजे काय, याची कल्पना मला करवत नाही.

आणि शेवट? म्हातारपणी त्या मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या. आपल्या साध्या बायाबापड्यांना समजेल अशा मराठीत, आणि छापखाना चालवणाऱ्या मुक्तीतल्याच मुली. जुलै 1921 मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. एप्रिल 1922 मध्ये त्या स्वतः गेल्या. संपूर्ण बायबल छापून बाहेर पडलं 1924 मध्ये. ते हातात घ्यायला दोघीही नव्हत्या.

यात "म्हणून मिळालं" कुठे बसवायचं, सांगा. मला तरी जागा सापडत नाही. आज्ञापालन म्हणजे देवाशी केलेला सौदा नव्हे, एवढंच मला त्यातून कळतं. देव देत नाही असं मी म्हणत नाही. मला त्याने भरपूर दिलंय. पण ते माझ्या आज्ञापालनाचं बिल म्हणून दिलेलं नाही.

आणखी एक बोलते, कुणाला राग आला तरी चालेल. आपल्याकडे "आज्ञाधारक राहा" हे वाक्य बहुतेक वेळा वरून खाली येतं. चर्चची पंच कमिटी सांगते, चर्चचे धर्मगुरू म्हणजे पाळकसाहेब सांगतात, सासरची माणसं सांगतात, आणि ऐकायचं सुनांनी आणि तरुण पोरांनी. मी माझ्या पाळकांना मान देते आणि देत राहीन. पण देवाची आज्ञा आणि माणसाचा हुकूम यांत फरक आहे. वाँटेजच्या सिस्टर लोकांनी, म्हणजे तिथल्या जोगिणींनी, रमाबाईंना आसरा दिला, शिकवलं, जीव लावला. त्यांचीही अपेक्षा होती की चर्चने सांगितलेलं या मुलीने मुकाट्याने मानावं. 1885 मध्ये तिने पत्रात स्पष्ट कळवलं की आपल्या देशातल्या पुरोहितांचं जू मी आत्ताच मानेवरून उतरवलंय, आता दुसऱ्या कुणाचं घेणार नाही. यालाच लोक तेव्हा बंडखोरी म्हणाले. मी याला आज्ञापालन म्हणते. कारण देवाचा शब्द काय सांगतो, हे तिने दुसऱ्याच्या तोंडून न घेता स्वतः गुडघे टेकून शोधलं. त्यालाही वेळ लागला. ख्रिस्त आपल्याला खऱ्या अर्थाने भेटला तो बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी, असं त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवलंय.

उशिराचं म्हणाल तर मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूने सांगितलेला तो दोन मुलांचा दाखला आहे. बाप म्हणतो, जा, द्राक्षमळ्यात काम कर. एक म्हणतो "नाही जात", मग मनाला लागतं आणि जातो. दुसरा म्हणतो "जातो, बाबा" आणि जातच नाही. संडे स्कूलमध्ये हा दाखला मी कितीतरी वर्षं शिकवला. शिकवताना दुसरा मुलगा म्हणून माझ्या डोळ्यासमोर नेहमी दुसरंच कुणीतरी यायचं.

माझ्या सासूबाई शेवटची तीन वर्षं अर्धांगाने अंथरुणावर होत्या. माझ्याकडेच. हॉस्पिटलची ड्यूटी करून घरी यायचं आणि परत तेच, कूस बदलणं, पुसणं, भरवणं. माझी धाकटी जाऊ श्रीरामपूरला. वर्षातून दोनदा यायची, पेरू आणायची, दोन दिवस राहून जायची. सासूबाई वारल्या त्याच्या आधीच्या आठवड्यात एका रात्री आईंनी चांगल्या हाताने मला जवळ बोलावलं. पाटल्यांकडे बोट केलं आणि अडखळत बोलल्या, "एक तुला, एक धाकटीला." खोलीत आम्ही दोघीच होतो.

त्या गेल्यावर मी दोन्ही पाटल्या कपाटात ठेवल्या. कुणी विचारलं नाही. यजमानांनासुद्धा मी ते बोलणं सांगितलं नाही. मनाशी म्हणायचे, केलं कुणी? तीन वर्षं गू-मूत काढलं कुणी? आणि ते खोटं नव्हतंच, म्हणून तर इतकी वर्षं टिकलं. नऊ वर्षं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन असतं, येशूच्या आठवणीत भाकर घ्यायची. म्हणजे शंभराहून जास्त वेळा मी ती भाकर हातात घेतली.

या वर्षी लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत, प्रभुभोजनाच्या वेळी पाळकसाहेबांनी मत्तयाचा पाचवा अध्याय वाचला. वेदीजवळ दान आणलंस आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथेच ठेव, आधी जा, समेट कर. मी मनात पटकन म्हटलं, जावेच्या मनात माझ्याविरुद्ध कुठे काय आहे, तिला तर माहीतच नाही. आणि त्याच क्षणी मला लाज वाटली. तिला माहीत नाही, हाच तर माझा अपराध. ताट माझ्या बाकापर्यंत आलं. मी भाकर न घेता ते पुढे सरकवलं. शेजारच्या बाईने वळून पाहिलं.

घरी यजमानांना सांगितलं. ते बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "मी येऊ का बरोबर?" मी नको म्हटलं.

पुढच्या शनिवारी एसटीने गेले. पाटली रुमालात, रुमाल पर्सच्या आतल्या कप्प्यात, आणि हात सगळ्या प्रवासात पर्सवर. जाऊ शेंगा फोडत बसली होती. "ताई, फोन तरी करायचा," म्हणून उठली. मी बसलेसुद्धा नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं. आई काय म्हणाल्या, कधी म्हणाल्या, आणि मी काय केलं. शेवटी म्हटलं, "मला माफ कर." पाटली तिच्या हातात दिली.

तिने ती घालून पाहिली. बोटांच्या पेरांवरच अडकली. साबण लावला, तरी जाईना. मग ती पाटली ओट्यावर ठेवून तिने नळ सोडला आणि माझ्याकडे पाठ करून हात धूत राहिली, धूतच राहिली. नंतर इतकंच म्हणाली, "ताई, मला वाटायचं आईंना माझी आठवणच नव्हती."

माझी नऊ वर्षं मी सोन्यात मोजत होते. तिच्याकडून मी काय घेतलं होतं, ते मला त्या ओट्याजवळ कळलं.

चहा झाला. दीर शेतावरून आले, त्यांनाही सांगितलं. ते उठून बाहेर गेले ते मी निघेपर्यंत आत आले नाहीत. त्या दिवसापासून त्यांचा अजून फोन नाही. मी करते, जाऊ उचलते, दोन वाक्यं बोलते. यजमान म्हणतात, वेळ लागेल. लागू दे. मीही नऊ वर्षं लावली.

येत्या रविवारी पुन्हा प्रभुभोजन आहे. दिरांसाठी प्रार्थना करा, आणि माझ्यासाठीही.