वहिनीचं तायी कार्ड

गेल्या महिन्यात धाकट्या भावाच्या लघवीत प्रोटीन सापडलं. वय ३६, बीपी १६०/१००. ना तंबाखू, ना शुगर. डॉक्टरांनी घरात कुणाला काय आहे ते विचारलं, गोळ्या कुठल्या घेतोस विचारलं. जन्मलास तेव्हा वजन किती होतं, हे कुणीच विचारलं नाही.

मी आईला विचारलं. बाळंतपण बेळगावजवळ खानापूरकडच्या आमच्या घरातच झालेलं, वजनकाटा कुठला? आई म्हणाली, "एवढासाच होता गं. कापसात गुंडाळून ठेवलेला. रडायलाबी जोर नव्हता." मग आपणहूनच त्या पावसाळ्याचं बोलत बसली. आठवा महिना, दिवसभर चिखलात वाकून भाताची लावणी. रात्री सगळ्यांचं झालं की भांड्याच्या बुडाला धरलेला भात पाणी घालून सोडवायचा, आमटी उरली तर उरली. वर आजीचं, "जास्त खाऊ नको, पोर मोठं होईल, बाळंतपण जड जाईल."

मूत्रपिंडात रक्त गाळणाऱ्या बारीक गाळण्या असतात, नेफ्रॉन. एका मूत्रपिंडात सरासरी १० लाख, पण कुणाला दोन-तीन लाखच मिळतात, कुणाला वीस लाख. त्या साधारण ३६व्या आठवड्यापर्यंत आईच्या पोटातच तयार होतात, निम्म्याहून जास्त शेवटच्या तीन महिन्यांत. नंतर जन्मभर एकही नवी येत नाही. पोटात वाढ नीट झाली नाही, बाळ कमी वजनाचं जन्मलं, तर गाळण्याही कमी असू शकतात. कमी गाळण्यांवर सगळं काम पडलं की त्या ताणानं झिजतात, बीपी चढतो, आणि चढलेला बीपी उरलेल्यांनाही झिजवतो. ब्रेनर या अमेरिकन मूत्रपिंडतज्ज्ञांनी १९८८ साली हे मांडलं. नेदरलँड्समध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात उपासमार झाली. तेव्हा ज्यांच्या आया गरोदरपणाच्या मधल्या महिन्यांत होत्या, त्यांच्या लघवीत पन्नाशीच्या सुमारास अल्ब्युमिन (रक्तातलं प्रोटीन) जाण्याचं प्रमाण जास्त दिसलं.

भावाचं दुखणं त्या भातामुळंच, असं छातीठोक कुणी सांगू शकणार नाही. आईला तर मी यातलं काहीच बोलले नाही. ती स्वतःला बोल लावून घेईल, आणि चूक तिची नव्हतीच. तिला शेवटी जेवायला लावणारं घर आमचं. मीसुद्धा तिच्याआधी जेवून झोपायची.

आपण डोहाळजेवण थाटात करतो, ओटी भरतो, फोटो टाकतो, आणि दुसऱ्या दिवशी तीच पोरगी सगळ्यांना वाढून शेवटी बसते. याचा मला फार राग येतो. २०१७ पासून आपल्याकडं कर्नाटकात मातृपूर्ण योजनेत अंगणवाडीत गरोदर बाईला गरम जेवण आहे, अंडं आहे. पण आमच्या गल्लीत सुनेला पाठवत नाहीत, "घरात खायला नाही होय?" म्हणून लोक विचारतील म्हणे. विचारू देत की!

तुम्ही अडीच किलोच्या आत जन्मला असाल, तर डॉक्टरांना ते आपणहून सांगा. वर्षातून एकदा बीपी आणि लघवी तपासून घ्या, काही दुखत नसलं तरी. मूत्रपिंड बरंच बिघडेपर्यंत दुखत नाही.

काल वहिनीचं जुनं तायी कार्ड, म्हणजे गरोदरपणात मिळणारं सरकारी आई-बाळाचं कार्ड, ट्रंकेतून काढून बघितलं. पुतणीचं जन्माचं वजन २.१ किलो. ती आता नऊ वर्षांची आहे. तिचा बीपी आजवर कुणी मोजलेला नाही. सोमवारी घेऊन जाणार आहे.