छपरावरचा कोरसवाला

मे महिन्याची दुपार. अंगणात वाळत घातलेल्या आमसुलांना हात लावला तर चटका बसावा असं ऊन. तेवढ्यात कुठूनशी वावटळ उठली, वरच्या वाडीतल्या फणसाची फांदी तारेवर आडवी झाली आणि लाईट गेली. कोकणात ही काही बातमी नव्हे. इथे लाईट गेली की माणसं आधी विजेच्या ऑफिसला नाही, फणसाला शिव्या घालतात.

फरक इतकाच, की त्या दुपारी माझ्या छपरावर ३ किलोवॅटचं सोलर होतं. सूर्यघर योजनेतलं, ७८,००० रुपये अनुदान मिळालेलं, नारळ फोडून चालू केलेलं. वर सूर्य आग ओकत होता, पॅनेलं तापून चटचटत होती आणि त्यांच्या बरोबर खाली मी पुठ्ठ्याने वारा घेत बसलो होतो.

शेजारचे तात्या कुंपणापाशी येऊन उभे राहिले. वर छपराकडे बघितलं, मग माझ्या पुठ्ठ्याकडे.

"काय रे, लाईट गेली म्हणान तुझो सूर्य पण बुडालो काय?"

तात्या भजनात झांज वाजवतात, म्हणून त्यांना त्यांच्याच भाषेत सांगितलं. छपरावरचा हा ऑनग्रिड इन्व्हर्टर म्हणजे कोरसवाला. तारेतून येणारी वीज म्हणजे बुवा. बुवांनी सूर दिला, २३० व्होल्टचा, आणि लय दिली, सेकंदाला ५० ठेक्यांची, की हा त्यात आपला आवाज मिसळणार. आवाज खणखणीत आहे, पण स्वतःहून तोंड उघडायचं नाही. बुवा गप्प झाले की दोन सेकंदांच्या आत ह्यानेही गप्प व्हायचं, असा नियम आहे.

"म्हणजे गळो आसा, पण अक्कल नाय," तात्या म्हणाले आणि गेले.

हे वाक्य माझ्या डोक्यात फणसाच्या चिकासारखं चिकटलं. उपाय उघड होता: बॅटरीचं काहीतरी करायचं. पण अनुदानाच्या इन्व्हर्टरला हात लावायचा नव्हता. मग मला सुचलं, आणि मला काही सुचलं की घरातले लोक जपून वागायला लागतात, की जुना ऑनग्रिड इन्व्हर्टर भंगारात स्वस्त मिळतो. त्याला घरातल्या बॅटरीवाल्या इन्व्हर्टरचा सूर द्यायचा. म्हणजे घरातल्या घरात छोटे बुवा उभे करायचे. कोरसवाल्याला काय कळतंय, सूर बाहेरच्या तारेतून आला की माळ्याखालून!

कोल्हापूरच्या एका भंगारवाल्याकडून १ किलोवॅटचा ऑनग्रिड इन्व्हर्टर २,५०० रुपयांत आणला. ३३० वॅटची तीन जुनी पॅनेलं ६,००० ला. बायको घाटावरची, हिशोबाला पक्की. तिने विचारलं, "घरात इन्व्हर्टर आहे, छपरावर इन्व्हर्टर आहे. मग हा इन्व्हर्टर कशाला?" प्रश्न अगदी सरळ होता. उत्तर सरळ नसल्यामुळे मी चहा मागितला.

डिप्लोमा करणारा भाचा मदतीला आला. त्याने पॅनेलं एकामागे एक जोडली, कारण ह्या मशीनला जागं व्हायलाच शंभरेक व्होल्ट लागत होते. सगळं जोडून बॅटरीचा इन्व्हर्टर चालू केला. भंगारवाल्या मशीनवर लाल दिवा लागला आणि अक्षरं आली: ग्रिड सापडत नाही.

"मामा, तुमच्या जुन्या इन्व्हर्टरची लाट चौकोनी आहे. ह्याला गोल लाट लागते."

मी समुद्राकाठी जन्मलो. आजवर चौकोनी लाट पाहिलेली नाही. पण भाच्याने कागदावर काढून दाखवली: स्वस्त इन्व्हर्टर वीज देतो ती चिऱ्याच्या पायऱ्यांसारखी, एकदम वर, एकदम खाली. पंखा त्यावर घूं घूं करत फिरतो, ट्यूब कुरकुरत लागते, पण ऑनग्रिडवाला हे गाणंच मानत नाही. थोडक्यात, माझे छोटे बुवा बेसूर होते. गोल लाटेचे, म्हणजे साइन वेव्हचे, नवे बुवा ८,५०० ला आले.

आता खरी कसोटी. मेन बंद केला, चेंजओव्हर, म्हणजे घर बाहेरच्या तारेवरून तोडून इन्व्हर्टरवर घेणारा खटका, टाकला, बटण दाबलं. मशीनवर ६० आकडा आला आणि उलटे आकडे सुरू झाले. आई, बायको, भाचा, तात्या आणि तात्यांच्या मागून आलेली तीन पोरं, सगळे श्वास रोखून उभे. तीन, दोन, एक. आतून टक् असा आवाज आला आणि हिरवा दिवा लागला. ७४० वॅट! गावात अंधार... म्हणजे दुपार होती, अंधार नव्हता, पण गावातले सगळे पंखे बंद असताना आमचा पंखा, फ्रीज आणि मिक्सर एका वेळी सूर्यावर चालू होते. बायकोने मिक्सरमध्ये शेंगदाण्याचं कूट केलं. मी उगाच लोकांकडे बघून हसत होतो.

मग कूट झालं, मिक्सर बंद झाला. फ्रीजही गार होऊन गप्प बसला. उरला एक पंखा, ७० वॅटचा. आणि भंगारातला कोरसवाला तसाच, ७४० वॅटच्या खड्या आवाजात.

इथे एक गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. खरं म्हणजे भाच्याने सांगितली होती, मी ऐकली नव्हती. जास्तीची वीज हवेत विरत नाही. बाहेरची तार असेल तर ती शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे जाते. इथे तार तोडलेली. ती सरळ बुवांच्या घशातून उलटी पोटात, म्हणजे बॅटरीत शिरली. १५० अँपिअर-तासाच्या त्या बॅटरीला चार्जिंगला १५ अँपिअर पुरतात. तिच्यात पन्नासच्या आसपास जात होते. १४.४ व्होल्ट. १५. १५.६. बॅटरी भाताच्या हंडीसारखी रटरटायला लागली.

स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला, "आज संकष्टी आहे ना? मग घरात नासकी अंडी कुणी आणली?"

उकळत्या बॅटरीला अगदी तसाच वास येतो, हे संकष्टीच्या दिवशी कळावं हा माझा योग. बॅटरीजवळ त्या वेळी काडीसुद्धा ओढायची नसते, हेही तेव्हाच कळलं, कारण आई उदबत्ती घेऊन निघाली होती. तिला अडवायला धावलो. तेवढ्यात छोट्या बुवांनी किंकाळी फोडली आणि ते बंद पडले. दोन सेकंदांच्या आत कोरसही बंद. नियम म्हणजे नियम.

भाच्याने सांगितलं की महागडे ऑफग्रिड, म्हणजे बाहेरच्या तारेशिवाय चालणारे, इन्व्हर्टर अशा वेळी हुशारी करतात. पोट भरलं की ते लय वाढवतात, ५० ची ५१, ५२. कोरसवाल्याला ती लय झेपत नाही, तो आपोआप आवाज कमी करतो किंवा थांबतो. डबलबारीत, म्हणजे दोन बुवांच्या भजनाच्या सामन्यात, मुरलेले बुवा जसा समोरच्याचा दम काढतात तसंच. माझ्या ८,५०० च्या बुवांना ही विद्या येत नव्हती.

मग गावठी उपाय. जास्तीची वीज खायला ५०० वॅटचा पाणी तापवायचा रॉड आणला आणि न्हाणीघरातल्या बादलीत सोडला. तासाभरात २० लिटर पाणी वीसेक अंशांनी तापतं. मे महिन्यात आमच्या टाकीतलं पाणी मुळातच कोमट. म्हणजे लाईट गेली आणि ऊन पडलं की घरात एकाने कढत पाण्याने आंघोळ करायची, असा वार लागला. आईचा वार पहिला. मग बायको, मग मी. चौथ्या बादलीला तात्यांना बोलावलं. ते टॉवेल घेऊन आले, बादलीत बोट घातलं आणि टॉवेल घेऊन परत गेले.

ह्यातही एक खोच होती. ढग आला की कोरस खाली बसतो, पण रॉडला ढग कळत नाही. तो आपले ५०० वॅट बॅटरीतून ओढत राहतो. म्हणून कुणीतरी आकाशाकडे बघत बसायचं आणि ढग आला की रॉड बंद करायचा. हे काम अर्थात शोधकाकडे आलं. अंगणात खुर्ची, हातात वायरचं बटण. तीस वर्षं सरकारी नोकरी केली, इतकी चोख हजेरी कधी भरली नव्हती.

अशाच एका दुपारी वायरमन आला. सगळ्या गावात लाईट नाही आणि आमचा पंखा फिरतोय हे त्याने गडग्यावरूनच पाहिलं. हातातला बांबू खाली न ठेवताच त्याने विचारलं, "चेंजओव्हर खंय आसा?"

मी दाखवला. त्याने स्वतः खटका खालीवर करून पाहिला, मेनच्या वायरी हाताने चाचपल्या, आणि मगच पायरीवर बसला.

"तुमचे हे २३० व्होल्ट मागे डीपीत, ट्रान्सफॉर्मरात शिरले ना काका, तर पलीकडे त्यांचे ११,००० होतंत. आणि तेव्हा तारेवर मी आसतंय."

तो रागाने बोलला नाही. पाणी मागावं तसं बोलला. दोन सेकंदांत गप्प बसणाऱ्या त्या मशीनला मी आणि तात्यांनी बिनअकलेचं ठरवलं होतं. मी काही बोललो नाही, त्याला चहा दिला. त्याने मोबाईल चार्जिंगला लावला आणि फांदी तोडायला निघून गेला.

बायकोने कॅलेंडरच्या मागे हिशोब लिहून ठेवलाय. इन्व्हर्टर, पॅनेलं, बुवा, चेंजओव्हर आणि वायर १,८००, रॉड ६००. एकूण १९,४००. खाली डिस्टिल्ड वॉटरची रेघ वेगळी, कारण बॅटरी हल्ली माझ्यापेक्षा जास्त पाणी पिते. वर मोठ्या अक्षरांत लिहिलंय: स्वस्त.

त्या दिवशी संध्याकाळी पाचच्या सुमारास तारेवरची लाईट आली. वाडीत पोरं ओरडली. मी खुर्चीतून उठलो, खटका परत मेनवर टाकला, रॉडची पिन काढली. न्हाणीघराचं दार किलकिलं झालं आणि आईचा आवाज आला,

"लाईट इली मा? मगे आता तरी थंड पाण्यान आंघोळ करू?"