सेल गेलाय, की जोड ढिला आहे?

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. सोलरच्या बॅटरीतला सेल खराब ठरवण्याआधी चार-पाच दिवस नोंदी ठेवा, असं मी लिहिलं होतं. तुमचं म्हणणं, एवढा घोळ कशाला? मीटरवर ज्याचा व्होल्टेज कमी दिसेल तो सेल काढा, नवा बसवा. तुम्ही स्वतः दोनदा असंच केलंत आणि दोन्ही वेळा बॅटरी सुरळीत झाली. शिवाय घरच्या माणसाला उघड्या बॅटरीत हात घालायला सांगणं बेजबाबदारपणाचं आहे, असंही तुम्ही लिहिलंय.

दुसरा मुद्दा आधी घेते, कारण तो मला मान्य आहे. 16 सेलच्या बॅटरीचे 51.2 व्होल्ट ऐकायला फार वाटत नाहीत, म्हणून माणूस गाफील राहतो. पण हातातला पाना निसटून दोन टर्मिनलवर आडवा पडला, तर हजारो अँपिअर वाहतात आणि पाना तिथेच वितळून चिकटतो. ही सूचना मी लेखाच्या तळाशी टाकली होती, ती चूकच. आज ती सगळ्यात वर घेतली आहे: अंगठी आणि घड्याळ काढायचं, पान्याला इन्सुलेशन टेप गुंडाळायची, आधी पॅनेलचा आयसोलेटर (पॅनेल तोडणारा स्विच) बंद करायचा, मग इन्व्हर्टर, शेवटी बॅटरीचा ब्रेकर. पॅनेल चालू असताना बॅटरी तोडली तर काही चार्ज कंट्रोलर (पॅनेलमधून बॅटरी भरणारं यंत्र) जळतात, म्हणून हा क्रम. आणि सेल फुगलेला दिसला किंवा गोडसर वास आला, तर नोंदीबिंदी काही नाही. बॅटरी बंद करून जाणकाराला बोलवायचं.

पहिला मुद्दा मात्र पटत नाही. का, ते माझ्याच बॅटरीवरून सांगते.

280 अँपिअर-तासांचे 16 लिथियम आयर्न फॉस्फेट सेल. पंप आणि गिझर एकत्र चालले, म्हणजे साधारण 60 अँपिअरचा लोड आला, की बीएमएसच्या (प्रत्येक सेलवर नजर ठेवणाऱ्या सर्किटच्या) ॲपवर 11 नंबरचा सेल 3.09 व्होल्टवर आणि बाकीचे 3.24 वर. दुपारी बॅटरी भरत आली की हाच सेल सगळ्यांच्या आधी 3.65 ला पोचायचा आणि बीएमएस चार्जिंग तोडायचा. उतरताना सगळ्यात खाली, चढताना सगळ्यात वर. सेल अशक्त झाल्याचं हे ठरलेलं लक्षण, आणि मी नवा सेल मागवायच्या बेतातच होते.

एक गोष्ट खटकली. पंप बंद झाला त्या क्षणी 3.09 चा आकडा उडी मारून बाकीच्यांच्या रांगेत येऊन बसायचा. अशक्त सेल असा क्षणात सावरत नाही, तो हळूहळू वर येतो. म्हणून लोड चालू ठेवून मीटरची टोकं बसबारवर (सेल एकमेकांना जोडणाऱ्या धातूच्या पट्टीवर) न लावता थेट सेलच्या खांबावर टेकवली. 3.24! सेल ठणठणीत. उरलेले 0.15 व्होल्ट बसबार आणि टर्मिनलच्या जोडात जात होते. म्हणजे 2.5 मिलिओहमचा अडथळा, आणि 60 अँपिअरला त्या एका नटाखाली 9 वॅट उष्णता. सगळं बंद करून बसबार उचलला, तर टर्मिनलच्या ॲल्युमिनियमवर राखाडी थर. बारीक पॉलिश पेपरने तो घासला, पुसून घेतलं, सांगितलेल्या टॉर्कने नट आवळला. फरक 0.01 वर आला.

आता तुमच्या दोन सेलकडे येऊ. सेल बदलताना तुम्हीही दोन्ही बाजूंचे बसबार सोडले असणार आणि नव्याने आवळले असणार. मग बॅटरी सुधारली ती नव्या सेलमुळे, की घट्ट बसलेल्या जोडामुळे? 'बदलल्यावर बरं झालं' एवढ्यावरून हे ठरत नाही.

नोंदींना दिवस लागतात त्याचं कारण वेगळं आहे. या सेलचा व्होल्टेज 20 ते 80 टक्क्यांच्या मधे जवळपास सपाट राहतो. एक सेल 40 टक्क्यांवर आणि दुसरा 70 वर असला, तरी मीटरवर फरक दिसतो तो व्होल्टच्या काही शतांशांचा. त्यामुळे मधेच कधीतरी घेतलेलं रीडिंग कामाचं नाही. पूर्ण भरताना आणि तळाशी जाताना, दोन्ही टोकांना बघावं लागतं. चढताना पहिला पण उतरताना शेवटचा, असा सेल निघाला तर तो खराब नाहीच, फक्त बाकीच्यांपेक्षा जास्त भरलेला आहे. त्याला बॅलन्सिंग हवं, म्हणजे जास्तीचा चार्ज उतरवून तो बाकीच्यांच्या बरोबरीला आणायचा, आणि त्यालाही वेळ लागतो. 100 मिलिअँपिअरच्या बॅलन्सरला 5 अँपिअर-तास उतरवायला 50 तास लागतात, आणि तो चालतो फक्त बॅटरी भरत आल्यावर. रोजचे दोन तास धरले तर 25 दिवस झाले.

सेल खरंच बदलायचा असेल, तर नवा तसाच बसवू नका. तो अर्धवट भरलेला येतो. आधी एकटा 3.65 पर्यंत भरा आणि बाकीची बॅटरीही पूर्ण भरलेली असतानाच आत घाला.

काढलेले सेल अजून तुमच्याकडे असतील तर एक काम कराल का? एकेक 3.65 पर्यंत भरा, मोजलेल्या लोडवर 2.5 पर्यंत उतरवा आणि किती अँपिअर-तास निघाले ते इथे लिहा. छापील क्षमतेच्या बरेच खाली निघाले तर तुमचं निदान बरोबर होतं, आणि मी ते लेखात तुमच्या आकड्यांसकट घालीन. चाचणी करताना धन टोकाला फ्यूज मात्र लावा.